गाळात सून, दोरीवर सासू

धरणाच्या भिंतीवर मावशींना ओळखत नाही असा माणूस शोधूनही सापडला नसता, आणि मावशींनी ज्याला एकदा तरी फैलावर घेतलं नाही असा माणूस तर जन्माला यायचा होता. बाई उंचीने बेताच्या, अंगाने काटक. आवाज मात्र असा, की भिंतीच्या या टोकावरून हाक मारली की त्या टोकाचा वॉचमन टोपी सावरत उभा राहायचा. वय साठीच्या पुढे गेलेलं. काम एकच, आणि तेच जन्मभर केलेलं: डायव्हर पाण्यात उतरला की वर त्याची दोरी धरून बसायचं.

"नुसती दोरी तर धरायची," असं नव्याने आलेला प्रत्येक जण एकदा म्हणायचाच. मावशी लगेच सरकून जागा करून द्यायच्या. "ये, बस. धर. मोबाइल बघायचा नाही, गप्पा छाटायच्या नाहीत, आणि हात ना घट्ट ना सैल." थोड्याच वेळात त्या बहाद्दराला घाम फुटायचा. भिंतीच्या पायथ्याशी पाणी काळंकुट्ट, खाली उतरलेल्याला स्वतःचा हात दिसत नाही. हेल्मेटात फोन होता, पण खाली गाळ उडवायचा पाण्याचा झोत सुरू झाला की त्यातून नुसती खरखर ऐकू यायची. मग उरायची दोरी. एक हिसका म्हणजे मी ठीक आहे. दोन म्हणजे सैल सोडा, ओढू नका. तीन म्हणजे वर घ्या. तेवढ्यावर खालच्याने बोलायचं आणि वरच्याने ते तळहाताने ऐकायचं.

मावशींचे यजमान याच धरणावर डायव्हर होते. लग्नानंतर थोड्याच दिवसांत त्यांचा दोरीवाला नोकरी सोडून गेला. "दुसरा मिळेपर्यंत तू बस," यजमान म्हणाले. दुसरा मिळाला नाही, कारण त्यांनी तो शोधलाच नाही. पुढे ते गेले ते घरच्या पलंगावर, छातीच्या दुखण्याने, मावशींचा हात धरून. रडून झाल्यावर भेटायला आलेल्या प्रत्येकाला मावशींनी एकच गोष्ट सांगितली: "माझ्या दोरीवरचा माणूस खाली राहिला नाही." याचा त्यांना जबर अभिमान होता, आणि तो लपवायची त्यांना कधी गरज वाटली नाही.

मुलगा मात्र आईवर गेला नाही, बापावरही गेला नाही. पाण्याला तो इतका भ्यायचा की बादलीत तांब्या बुडवतानाही दोनदा विचार करायचा. त्याने कोरडा धंदा निवडला. चष्म्याच्या दुकानात काचा घासायला बसला. आणि नशीब कसं चेष्टेखोर बघा, एक दिवस दुकानात एक मुलगी आली आणि म्हणाली, "पाण्याखाली घालायच्या चष्म्याला नंबरची काच बसवून द्याल का?" हा म्हणाला, असलं आम्ही करत नाही. मग तेच काम करण्यात त्याने आपले सगळे रविवार घालवले. मुलगी समुद्रात बोटींचे तळ घासणारी डायव्हर निघाली. लग्न झालं, आणि धरणाला पुन्हा डायव्हर मिळाला.

दोरी कुणी धरायची हा प्रश्नच नव्हता. कॅन्टीनमध्ये मात्र हसून हसून लोकांची पोटं दुखली. सुनेचा जीव सासूच्या हातात, यापेक्षा चांगला विनोद त्यांना वर्षभरात मिळाला नव्हता. वीजघराचा ऑपरेटर, ज्याला सगळे बटणराव म्हणायचे, तो तर रोज सकाळी गंभीर चेहऱ्याने विचारायचा, "मावशी, काल घरात काही वाजलं नाही ना? नाही, वाजलं असेल तर आज दोरीवर दुसरं कुणी बसवतो."

वाजायचं तर रोजच. भाजीत मीठ किती, खिडकी उघडी की बंद, ओले कपडे कुठे टाकायचे, कशावरही. घरात कुठलाही निर्णय सुनेने घेतला की मावशींच्या कपाळावर आठी पडायची, आणि सूनही काही गरीब गाय नव्हती. पण तीच सून शिडीवरून पाण्यात गेली, डोक्यावरून पाणी गेलं, की दोघींचं असं जमायचं की बघत राहावं. वर त्या एकमेकींना एक वाक्य पुरं करू द्यायच्या नाहीत. खालून आलेल्या प्रत्येक हिसक्याला मात्र मावशी लगेच उत्तर द्यायच्या. बटणरावांना त्यांनी एकदा ठणकावून सांगितलं, "भांडण घरचं आहे. ते भिंतीवर आणायचं नाही."

आता गाळाचं सांगायला हवं, कारण सगळं महाभारत त्यावरूनच घडलं.

धरण बांधलं तेव्हा भिंतीच्या तळाशी दोन लोखंडी दरवाजे ठेवले होते. दर पावसाळ्यात नदी डोंगरातून माती घेऊन येते. जलाशयात शिरली की पाण्याचा वेग मोडतो आणि माती खाली बसते. जाड वाळू वरच्या अंगाला राहते, बारीक गाळ सरकत सरकत भिंतीपर्यंत येतो. तो बाहेर जावा म्हणून हे तळदरवाजे. पण तळदरवाजा उघडायचा म्हणजे गाळाबरोबर पाणीही सोडायचं, आणि भरलेलं पाणी सोडून द्यायला कुणाचा हात होईना. हे वर्ष जाऊ दे, पुढच्या वर्षी बघू, असं करत वर्षं गेली. दरवाजा उघडायच्या चाकाला मात्र दर उन्हाळ्यात न चुकता रंग लागायचा. चाक फिरवायचं नाही, पण रंगवायचं. रंगावर रंग असे थर चढत गेले की शेवटी चाक आणि खांब यांमधली फटच दिसेनाशी झाली. मावशींच्या यजमानांनीही तो रंग दिला होता, आणि मावशींनी डबा धरला होता. छान दिसतंय, असंही त्या म्हणाल्या होत्या.

मग नवे इंजिनीअर आले. किडकिडीत, अबोल, चहात बिस्किट बुडवून विसरून जाणारा माणूस. त्यांनी पुराच्या पाण्याची एक बरणी भरून कॅन्टीनच्या टेबलावर ठेवली. दुसऱ्या सकाळी वर नितळ पाणी आणि तळाला गाळाचा थर. मावशींनी बरणी उचलून बघितली. "एवढासा तर आहे," त्या म्हणाल्या.

"ही एक बरणी आहे, मावशी," इंजिनीअर म्हणाले. "नदी किती बरण्या आणते?"

मावशींनी बरणी हळूच परत टेबलावर ठेवली. इंजिनीअर पुढे सांगत राहिले. गाळ आता वीजघराच्या बोगद्याच्या उंबरठ्याला लागला होता. एक-दोन जोरदार पावसाळे झाले की बोगद्यात गाळ शिरणार, यंत्राची पाती खाणार, आणि मग हे धरण म्हणजे चिखलाचं ताट. शिवाय भिंतीच्या खाली नदी उपाशी. तिची माती आपण इथे अडवून ठेवली, म्हणून खालचं नितळ पाणी आपलाच तळ खरवडत चाललं होतं. पलीकडच्या पुलाचे खांब पायापर्यंत उघडे पडले होते. उपाय एकच. पाणी कमी असताना डायव्हरने तळदरवाजापुढचा गाळ झोताने उडवायचा, अडकलेली खोडं काढायची, आणि पाऊस लागला की दरवाजा उघडून नदीची माती नदीला परत द्यायची.

"करते," सून म्हणाली. मावशींनी तिच्याकडे पाहिलं. त्यांनाही तेच म्हणायचं होतं, पण सुनेने आधी म्हटलं म्हणून त्या म्हणाल्या, "विचार करून बोलावं माणसाने."

कामात एक मोठा धोका होता. तळदरवाजाच्या बाजूलाच, थोडं वर, वीजघराच्या बोगद्याचं तोंड. खाली माणूस असताना बोगद्याचा दरवाजा उघडला तर पाण्याची ओढ त्या माणसाला तोंडावरच्या जाळीला चिकटवून ठेवते, आणि मग देवसुद्धा सोडवू शकत नाही. म्हणून या भिंतीवर एक पद्धत होती. डायव्हर उतरण्याआधी बोगद्याचा दरवाजा बंद करायचा, त्याच्या बटणांच्या पेटीला कुलूप घालायचं, आणि किल्ली दोरी धरणाऱ्याच्या गळ्यात. डायव्हर वर आला, हेल्मेट निघालं, की किल्ली परत. ही पद्धत यजमानांनी एकदा मरता मरता वाचल्यावर घालून दिली होती, आणि ती मोडायची कुणाची छाती झाली नव्हती.

त्या दिवशी डोंगरावर ढग जमायला लागले होते. काम शेवटाला आलं होतं. दुपारी मुख्य कचेरीतून मोठे साहेब गाडीतून उतरले ते फोनवर बोलतच. शहराला वीज देणारं दुसरीकडचं यंत्र बंद पडलं होतं, पाणी चढवणारे पंप थांबले होते, आणि वरून त्यांच्यावर फोनवर फोन येत होते. साहेब वाईट नव्हते. ते घाईत होते, आणि घाईतल्या माणसाला समोरचं कुणीही आडवं आल्यासारखंच दिसतं.

"यंत्र सुरू करायचंय. किल्ली द्या," ते म्हणाले.

"माणूस खाली आहे," मावशी म्हणाल्या. त्यांनी मानसुद्धा वळवली नाही.

"मग वर घ्या तिला."

"तिने सांगितलं की घेते."

"अहो, मी सांगतोय ना!"

"तुम्ही वर आहात, साहेब."

साहेबांनी बटणरावांकडे पाहिलं. "कुलूप फोडा."

बटणराव आपल्या बुटांकडे बघत उभे होते. "फोडलं असतं साहेब," ते म्हणाले, "पण माझी कंबर धरलीय. सकाळपासून." इतकी वर्षं मावशींची टर उडवणारा हा माणूस, पण त्या घडीला तो जागचा हलला नाही. त्याचं हे ऋण मावशी पुढे कधी विसरल्या नाहीत. टोमणे मात्र त्यांनी कमी केले नाहीत.

तेवढ्यात दोरी जड झाली.

नुसती जड नाही, मेल्यासारखी जड. हेल्मेटच्या फोनमधून एक तुटकी हाक आली आणि मग फक्त खरखर. भिंतीच्या कडेला पाणी तळापासून उकळावं तसं वर आलं, तपकिरी, दाट, घाणेरड्या वासाचं. इंजिनीअरांचा चेहरा पांढरा पडला. "कडा ढासळली," ते म्हणाले. झोताने कापलेल्या गाळाची भिंत काही काळ सरळ उभी राहते आणि मग एकदम बसते, हे त्यांनी आधीच बजावलं होतं. ती आता सुनेवर बसली होती.

मावशींनी एक हिसका दिला. ठीक आहेस का? उत्तर नाही. पुन्हा दिला. नाही. हवेचा कॉम्प्रेसर धडधडत होता, नळीतून हवा जात होती, एवढंच काय ते बरं. तिसऱ्यांदा हिसका दिला आणि त्या थांबल्या. मग दोरीतून उत्तर आलं. दोन. मध्ये दम घेतल्यासारखी जागा. पुन्हा दोन.

सैल सोडा, ओढू नका.

मावशींनी दोरी सैल सोडली, आणि भिंतीवर एकच गिल्ला झाला. साहेब ओरडले, "अहो, ती अडकलीय! ओढा!" मजूर ओरडले, ओढा. इंजिनीअरसारखा शांत माणूस, तोही म्हणाला, "मावशी, मला वाटतं ओढलेलं बरं." साहेबांनी दोन मजुरांना सांगितलं, दोरी ओढायच्या यंत्राला लावा. ते पुढे आले तसं मावशींनी दोरीचा मोकळा भाग स्वतःच्या कमरेभोवती गुंडाळला आणि भिंतीच्या खांबाला पाय लावून बसल्या. "ओढायचंच असेल तर आधी मला ओढा," त्या म्हणाल्या. आता त्यांना कोण ओढणार? मजूर जागच्या जागी थिजले.

मुलगा नेमका तेव्हा डबा घेऊन आला होता. भिंतीवर तो कधीच पाऊल टाकत नसे, टोकाशी वॉचमनच्या खोलीत डबा ठेवून परत जायचा. आरडाओरडा ऐकून तो धावत सुटला, खालच्या पाण्याकडे न बघता, आणि येताच त्याने दोन्ही हातांनी दोरी पकडून ओढली. मावशींनी त्याच्या हातावर फाडकन मारलं. त्याच्या लहानपणानंतर पहिल्यांदा.

"आई, माझी बायको आहे ती!"

"आणि माझी कोण आहे?"

"मरेल ती!"

"ती ओढू नका म्हणतेय."

"आणि मेली तर?"

मावशींनी त्याच्याकडे पाहिलं. "तर मी मारली असं म्हण. जन्मभर म्हण. पण दोरीला हात लावू नकोस."

हे त्या बोलल्या खऱ्या, पण आत त्यांच्या काळजाचं पाणी पाणी झालं होतं. ते दोन-दोन हिसके खरंच तिने दिले होते, की तडफडणाऱ्या माणसाचा हात आपोआप हलला होता? ही शंका त्यांच्या मनात आली, आणि एकदा आली ती जाईना. ही वर आली नाही तर सून जाणार, मुलगाही जाणार, आणि आपण त्या रिकाम्या घरात भाजीत मीठ टाकत बसणार. त्यांना ओढावंसं वाटलं, इतकं की बोटं दुखायला लागली. पण घाबरलेला माणूस मध्ये दम घेत नाही. दोन, मग थांबून पुन्हा दोन. हे बोलणं होतं. खाली काय झालंय ते मावशींना ठाऊक नव्हतं, तिला ठाऊक होतं. मग त्यांनी बोटांना ओढू दिलं नाही.

साहेबांचा फोन वाजत राहिला आणि त्यांनी तो उचलला नाही. मुलगा जमिनीवर बसून डोकं गुडघ्यात घालून रडत होता. पाण्यावर बुडबुडे येत होते, तेही तपकिरी.

मग एक हिसका आला. ठीक आहे. नंतर बराच वेळ काही नाही. आणि मग तीन.

"ऊठ," मावशी मुलाला म्हणाल्या. "आता धर. हळू. मी सांगेन तेव्हाच."

सून वर आली ती मानेपासून पायापर्यंत गाळाची झाली होती. हेल्मेट काढल्यावर आधी तिने खोल श्वास घेतला आणि मग रागाने विचारलं, "मध्ये कुणी ओढलं?"

"मी नाही," मावशी म्हणाल्या.

"ते कळलं मला. तुमचा हात मला कळतो."

झालं होतं असं: गाळ कमरेपर्यंत बसला होता, आणि दोरीलाच बांधलेली तिची हवेची नळी गाळात गाडलेल्या एका खोडाच्या मुळाखालून गेली होती. वरून जोर लावला असता तर नळी मुळावर चिरली असती. तिने चाचपून ते ओळखलं, झोताने आधी मूळ मोकळं केलं, मग पाय. त्या एका ओढीने नळी मुळाच्या धारेवर आवळली गेली होती. हे ऐकून मुलगा पुन्हा खाली बसला.

मावशींनी गळ्यातली किल्ली काढली आणि साहेबांच्या दिशेने फेकली. "घ्या. करा सुरू तुमचं यंत्र." मग त्या उठायला गेल्या आणि त्यांना उठता येईना. सुनेने त्यांच्या काखेत हात घालून उठवलं, आणि दोघींच्याही अंगावर सारखाच गाळ लागला.

घरी मुलगा आईशी बोलला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. ताट वाढलं की जेवायचा, उठायचा. मावशींनी एकदा त्याला हाक मारली, तर तो चष्मा पुसत बसला. त्यांनी मग हाक मारायचं सोडलं, पण त्यांना ते फार लागलं.

साहेबांनी मावशींना आणि सुनेला कचेरीत बोलावलं. टेबलासमोर एक धडधाकट माणूस बसला होता, दोरी धरायचं रीतसर शिक्षण घेतलेला. "यापुढे दोरीवर हे असतील," साहेब म्हणाले. "बाई, तुमचं वय झालं. परवा निभावलं, तुमचं नशीब. उद्या नाही निभावलं तर उत्तर मला द्यायचंय." त्यांचं बोलणं चुकीचं नव्हतं. मावशींचे हात त्या दिवसापासून थांबून थांबून थरथरत होते, आणि त्यांनी ते टेबलाखाली लपवले होते. एरवी त्यांनी साहेबांना खिडकीतून बाहेर बघायला लावलं असतं. आज त्या गप्प बसल्या. कदाचित माणूस बरोबर बोलतोय, असं त्यांना वाटलं.

सून त्या नव्या माणसाकडे वळली. "परवा तुम्ही असता तर काय केलं असतं?"

माणूस प्रामाणिक होता. त्याने थोडा विचार केला. "वर एवढे लोक ओरडत असताना? साहेब हुकूम देत असताना? ओढलं असतं, ताई. खोटं कशाला बोलू?"

"ऐकलंत?" सून साहेबांना म्हणाली. "मी उतरेन ती आईंच्या दोरीवर. नाहीतर मी उतरत नाही."

"अहो, असा हट्ट धरून कसं चालेल? त्या थकल्या आहेत."

"हात थकलेत त्यांचे. यांना बसवा शेजारी, ओढायला जोर यांचा. पण ओढायचं की नाही, हे आई ठरवणार. आणि आईंना ते मी सांगणार." मग तिने सासूकडे पाहिलं आणि नेहमीच्या सुरात म्हणाली, "आणि तुम्ही काय तोंड शिवून बसलात? घरी तर मला एक शब्द बोलू देत नाही."

मावशींचे डोळे भरून आले. त्या म्हणाल्या, "डोक्यात जाते ही मुलगी," आणि टेबलाखालचे हात वर काढून टेबलावर ठेवले, थरथरत होते तसेच. "थरथरतात, साहेब. बघून घ्या. लपवत नाही. तरी दोरी मीच धरणार."

साहेबांनी खिडकीतून डोंगराकडे बघितलं. तिकडे आभाळ काळं झालं होतं आणि इतक्या घाईत दुसरा डायव्हर मिळणार नव्हता. "जे करायचं ते पाऊस लागायच्या आत करा," असं म्हणून त्यांनी फोन उचलला.

काम पुरं झालं. पाऊस धरल्यावर चाकावरचा रंग छिन्नीने खरवडून काढला, थरामागून थर, हिरवा, पिवळा, पुन्हा हिरवा. मग चार जणांनी जोर लावला. चाक कुरकुरलं, अडलं, आणि फिरलं. आधी काहीच झालं नाही. मग भिंतीच्या पायथ्यातून काळा, जाडजूड चिखल बाहेर आला, आणि त्यामागून पाणी, आणि त्या पाण्यात इतकी माती की खालच्या नदीचा रंगच बदलला. वास असा की नाकाला रुमाल लावावा लागला. साहेबांचा फोन आला, फार पाणी चाललंय, बंद करा. इंजिनीअरांनी फोन कानाला लावला, "आवाज येत नाहीये," म्हणाले, आणि खिशात टाकला. मावशी कठड्यावरून वाकून खालच्या मातीला ओरडल्या, "जा! जा बाई एकदाची!" लोक हसले. मुलगा भिंतीच्या टोकाशी उभा होता. जवळ आला नाही.

पावसाळा सरल्यावर एका संध्याकाळी त्याने बायकोला विचारलं, दोन हिसके म्हणजे काय आणि तीन म्हणजे काय. मावशी शेजारच्या खोलीत होत्या. त्यांनी ऐकलं आणि ऐकलं नाही असं दाखवलं.

पुढच्या उन्हाळ्यात दुसऱ्या तळदरवाजाची पाळी आली. सून खाली, मावशी दोरीवर, धडधाकट माणूस त्यांच्या शेजारी. आणि त्या दिवशी, कुणी न बोलावता, मुलगा भिंतीवर चालत आला. खाली पाण्याकडे न बघता आला, कठड्याला हात घासत आला, आणि आईच्या बाजूला येऊन उभा राहिला. त्याने दोन्ही हात पाठीमागे बांधून घेतले. मावशींनी एकदा त्या हातांकडे पाहिलं आणि मग दोरीकडे.

थोड्या वेळाने मोठे साहेब आले, तशाच घाईत. या वेळी त्यांनी मावशींकडे किल्ली मागितली नाही. ते सरळ मुलाकडे गेले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "तुम्ही मिस्टर ना त्यांचे? जरा सांगा की आईंना. थोड्या वेळाचा प्रश्न आहे. वर घेऊ द्या तिला, यंत्र चालवू, मग पुन्हा उतरू दे. नवरा म्हणून तुमचं ऐकतील."

मुलाने आईच्या हातातल्या दोरीकडे पाहिलं.

"ती खाली आहे, साहेब," तो म्हणाला. "वर यायचं असेल तेव्हा ती सांगेल."

आणि पाठीमागचे हात त्याने आणखी घट्ट धरले.